कावीळ उतरते कशाने?

समजा, तुमच्या वर्गातला एखादा मुलगा आठवडाभर शाळेत आला नाही. चौकशी केली तेव्हा कळले की, त्याला कावीळ झाली आहे. आधी थोडा ताप आला, अन्नावरची वासना गेली, मळमळू लागले. मग लघवी चहासारखी गडद होऊ लागली आणि एके दिवशी सकाळी आईच्या लक्षात आले की, पोराचे डोळे पिवळे दिसत आहेत.

आता त्या घरी कोण कोण येते आणि काय काय सुचवते ते पाहा. मामी सांगतात, अमक्या गावी काविळीची माळ घालतात, हमखास गुण येतो. शेजारचे आजोबा सांगतात, एक माणूस चुन्याच्या निवळीत हात धुऊन कावीळ उतरवतो. पिवळेधमक पाणी निघालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. तिसरा कोणी दंडावर तापल्या सळईचा डाग द्यायला सांगतो. जेवणातली हळद बंद होते, कारण ती पिवळी! तेल-तूप बंद होते. रसवंतीवरचा उसाचा रस मात्र, त्यात टाकलेला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे हे न विचारता, दिवसातून दोनदा सुरू होतो.

तीन-चार आठवडे जातात आणि मुलगा बरा होतो. पुन्हा खेळायला येतो. माळेला यश मिळते, मामींचा शब्द खरा ठरतो. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने इथे थांबून एक प्रश्न विचारायला हवा. माळ घातली नसती तर काय झाले असते?

याचे उत्तर शोधण्यासाठी आधी तो पिवळा रंग येतो कुठून, ते पाहू. आपल्या रक्तातली प्रत्येक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. दर सेकंदाला वीस लाखांहून अधिक जुन्या पेशी मोडीत निघतात आणि तितक्याच नव्या तयार होतात. जुन्या पेशीतले हीमोग्लोबिन मोडले की, त्यातले लोह शरीर पुन्हा वापरण्यासाठी ठेवून घेते. उरतो तो बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ. तो बाहेर टाकण्याचे काम यकृताचे. यकृत त्याच्यावर प्रक्रिया करून तो पित्तात मिसळते, पित्त आतड्यात उतरते आणि बिलिरुबिनचे रूप बदलून त्यापासूनच मळाला रंग येतो. ही वाट कुठे अडली की बिलिरुबिन रक्तात साचते. डोळ्यांचा पांढरा भाग आणि कातडी पिवळी दिसू लागते. काहीसे मूत्रपिंडांतून बाहेर पडते, म्हणून लघवी गडद होते. आणि आतड्यात पित्त कमी पोहोचल्यामुळे मळ कधी कधी शाडूसारखा फिका दिसतो.

तेव्हा कावीळ हा स्वतः रोग नव्हे, ते एक लक्षण आहे. हिवतापात तांबड्या पेशी भराभर फुटल्या तरी कावीळ दिसते. पित्तनलिकेत खडा अडकला तरी दिसते. जन्मलेल्या बाळाचे यकृत पुरते कामाला लागलेले नसते, म्हणून पुष्कळ बाळांना पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ होते. ती वाढली तर त्यांना निळसर प्रकाशाच्या दिव्याखाली ठेवतात. या तिन्ही प्रकारांत माळ एकच घालतात, ही मोठी गंमत आहे. परंतु पावसाळ्यात घरोघर दिसणारी कावीळ बहुधा यकृताला विषाणूंमुळे सूज आल्याने होते, आणि आपल्याला मुख्यतः तिच्याविषयी बोलायचे आहे.

उजव्या बरगड्यांच्या खाली हात ठेवा. तिथे आत यकृत आहे. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे दीड किलो भरते. आतड्यातून अन्नरस घेऊन येणारे सगळे रक्त एका जाड शिरेतून प्रथम यकृतात जाते आणि मगच हृदयाकडे. जकात नाक्यावर जशी प्रत्येक गाडी थांबत असे, तसाच हा प्रकार आहे. इथे साखरेचा साठा होतो, रक्त गोठवणारी प्रथिने तयार होतात, घातक अमोनियाचे युरियात रूपांतर होते, औषधे आणि विषे मोडली जातात. पण सगळा माल आधी नाक्यावर येतो म्हटल्यावर जे काही वाईट आत शिरेल त्याचा पहिला तडाखाही नाक्यालाच बसणार.

निसर्गाने यकृताला एक गुण मात्र भरभरून दिला आहे. उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग शस्त्रक्रियेने काढून टाकला, तर उरलेला भाग आठ-दहा दिवसांत वाढून जवळजवळ मूळ वजनाचा होतो. माणसाचे यकृतही असेच भरून येते. म्हणून तर जिवंत माणूस आपल्या यकृताचा तुकडा दुसऱ्याला दान करू शकतो. शरीराच्या प्रतिकारशक्तीने विषाणूंना हटवले की, मेलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी येतात आणि यकृत पूर्ववत काम करू लागते. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक माणसांत अशीच, आपली आपण बरी होते. या काळात यकृताला जलद बरे करणारे खास औषध डॉक्टरांकडेही नसते. विश्रांती, पोटभर साधे अन्न आणि भरपूर शुद्ध पाणी एवढेच ते सांगतात.

म्हणजे श्रेय कोणाचे, हे आता ध्यानात आले असेल. तरीही माळ वाढते कशी, हा प्रश्न उरतोच. गळ्यापुरती असलेली माळ रोज थोडी थोडी लांबत जाते. ती खाली येईल तशी कावीळ उतरते, असे म्हणतात. ही माळ एखाद्या झाडाच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्याच्या फासात एकाला लागून एक अडकवून केलेली असते. काड्या सुकल्या की आक्रसतात, फास ढिले पडतात आणि त्यांत गुंतलेला दोरा सुटून माळ लांब होते. पाहायचे असेल तर कोवळ्या काड्यांचे पेरभर तुकडे घ्या, प्रत्येकाभोवती दोऱ्याचा एक फास टाकत माळ गुंफा आणि ती खुंटीला टांगा. रोज सकाळी फूटपट्टीने मोजून वहीत लिहा. खुंटीला कावीळ झालेली नसते, तरी माळ वाढते.

चुन्याच्या निवळीचे रहस्य याहून सोपे आहे. आंब्याच्या आंतरसालीचा रस हाताला चोळून वाळू दिला की हात नेहमीसारखेच दिसतात. ते निवळीत बुडवले की रसातल्या द्रव्यांचा चुन्याशी संयोग होऊन पाणी पिवळे होते. रोगी समोर असो वा नसो, पाणी पिवळे होणारच. हा प्रयोग करायचाच तर शिक्षकांसमोर, परीक्षानळीत करा. चुना डोळ्यांना घातक असतो.

कोणी म्हणेल, माळेने बरे होत नसेल, पण बिघडते तरी काय? बिघडते ते असे. शंभरांतले बहुतेक आपोआप बरे होतात, पण ज्या थोड्यांची कावीळ वेगळ्या कारणाची असते किंवा ज्यांचे यकृत झपाट्याने निकामी होत असते, त्यांचे मोलाचे दिवस माळेकडे पाहण्यात जातात. आणि दुसरे, त्याहून मोठे नुकसान म्हणजे कावीळ आली कुठून, याचा शोधच कोणी घेत नाही. एका मुलाच्या गळ्यात माळ पडते आणि ज्या नळाने त्याला आजारी पाडले तो नळ गल्लीला पाणी देतच राहतो.

हा शोध किती चकवणारा असतो, हे दिल्लीच्या एका साथीने दाखवून दिले. दिल्लीला यमुनेचे पाणी मिळते. वझिराबाद येथे ते उपसून शुद्ध करतात. या ठिकाणाच्या थोडे खाली नजफगढचा नाला आपली घाण नदीत आणून सोडतो. नाला खालच्या अंगाला असल्याने एरवी चिंता नसे. पण १९५५ साली यमुनेला पूर आला, तो ओसरताना नदीचे पात्र सरकले आणि नोव्हेंबरमध्ये काही दिवस नाल्याचे मैलापाणी उलटे चढून उपसा केंद्रापर्यंत पोहोचले. तिथल्या लोकांना ते कळले. त्यांनी तुरटी आणि क्लोरीन यांचे प्रमाण वाढवले. शहरात विषमज्वर वाढला नाही, हगवणीची साथ आली नाही. संकट टळले असे वाटले.

मग महिनाभराने, डिसेंबरात, दिल्लीत माणसे पिवळी पडू लागली. जानेवारी १९५६ अखेरपर्यंत सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. गर्भवती स्त्रियांमध्ये या रोगाने मृत्यूही बरेच झाले. क्लोरीनने विषमज्वराचे जंतू मारले होते, पण त्या घाणेरड्या पाण्यात दडलेले विषाणू त्या मात्रेला दाद न देता नळातून घराघरांत पोहोचले होते. पाणी पोटात गेल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत दोन ते आठ आठवडे जातात. म्हणून माणूस आजारी पडतो तेव्हा ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते आणि संशय बिचाऱ्या कालच्या जेवणावर येतो.

पण हा विषाणू कोणता? पाण्यातून पसरणारा यकृतदाहाचा एक विषाणू पुढे ओळखला गेला, त्याला ‘ए’ हे नाव मिळाले. तेव्हा दिल्लीची साथ ‘ए’चीच, असे सर्वांनी धरून चालले. खटकणारी गोष्ट एकच होती. भारतात ‘ए’ची लागण बहुतेकांना लहानपणीच, अनेकदा नकळत होऊन जाते आणि ती पुन्हा होत नाही. मग दिल्लीत इतकी मोठी माणसे आजारी का पडली?

उत्तर सापडले जपून ठेवलेल्या बाटल्यांत. त्या साथीतल्या रोग्यांच्या रक्तातला द्रव, ज्याला रक्तरस म्हणतात, तो गोठवून ठेवलेला होता. ‘ए’ ओळखण्याच्या चाचण्या निघाल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील श्रीनिवासन, खोर्शेद पावरी आदी शास्त्रज्ञांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांबरोबर हे जुने नमुने आणि नंतरच्या साथींतले नमुने तपासले. त्यांत ‘ए’च्या जुन्या लागणीच्या खुणा होत्या, ताज्या लागणीच्या नव्हत्या. ‘बी’चाही तो प्रताप नव्हता. १९८० साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी काश्मीरमधल्या १९७८ च्या साथीवरून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनीही हाच निष्कर्ष काढला. दिल्लीचा गुन्हेगार पंचवीस वर्षे भलत्याच नावाने वावरत होता!

त्याचे तोंड प्रथम पाहिले ते रशियन शास्त्रज्ञ मिखाईल बलायान यांनी, आणि त्यासाठी त्यांनी जे केले ते तुम्ही-आम्ही कधीही करू नये. अफगाणिस्तानात आजारी पडलेल्या सैनिकांच्या मळाचा गाळलेला अर्क ते स्वतः प्यायले. त्यांना पूर्वी ‘ए’ होऊन गेलेला होता, तेव्हा पुन्हा कावीळ झाली तर ती दुसऱ्याच विषाणूची, हा त्यामागचा हिशेब. सुमारे पाच आठवड्यांनी ते चांगलेच आजारी पडले, आणि त्यांच्याच मळात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बारीक गोलसर विषाणू दिसले. हे १९८३ साली प्रसिद्ध झाले. पुढे १९९० मध्ये विषाणूची जनुकीय ओळख पटली आणि त्याला ‘ई’ म्हणू लागले. चीनमध्ये त्यावरील लशीला २०११ साली मान्यता मिळाली. आपल्या नेहमीच्या लसीकरणात ती नाही. ‘ए’वरची लस मात्र मिळते.

ही सारी कथा आपल्यापासून दूरची समजू नका. १९८१ साली कोल्हापुरात पाण्यातून काविळीची साथ आली, तिचा अभ्यास याच पुण्याच्या संस्थेने केला. २०१२ साली इचलकरंजीत साथ आली. जिथे पिण्याची नळवाहिनी गटारातून जाते आणि पाणी दिवसातून तासभरच येते, तिथे धोका घरातच असतो. नळ बंद असताना वाहिनी रिकामी होते आणि तिच्या फुटक्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून नळ आल्याबरोबरचे गढूळ, वास येणारे पाणी भरू नये. पाणी चांगले खळखळून उकळले की ‘ए’ आणि ‘ई’ दोघेही निकामी होतात. नुसते कोमट करून उपयोग नाही, आणि फडक्याने गाळून तर मुळीच नाही. फडक्याच्या छिद्रासमोर विषाणू म्हणजे वेशीच्या दारासमोर मोहरीचा दाणा.

खेड्यात विहिरीत किंवा टाकीत टी.सी.एल. पावडर टाकतात. ती ओलसर जागी उघडी पडून राहिली तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो आणि उरतो तो नुसता चुना. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळावरच खर्च होतो. यासाठी ओ.टी. चाचणी असते: नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. हा पिवळा रंग मात्र पाहावा असा आहे. तुमच्या गावात ही चाचणी कोण करते, कुठल्या नळावर करते, हे जलसुरक्षकाला जाऊन विचारा. टाकीजवळच्या नळावर रंग येतो आणि शेवटच्या वाडीतल्या नळावर येत नाही, असे पुष्कळदा घडते.

‘बी’ आणि ‘सी’ हे विषाणू मात्र पाण्यातून येत नाहीत. ते रक्तातून, एकदा वापरलेल्या सुईतून, आईकडून बाळाला, असे पसरतात. यांची खोड अशी की, काही माणसांच्या यकृतात ते वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात. दुखत नाही, डोळे पिवळे होत नाहीत. आत मात्र मऊ यकृताच्या जागी व्रणाचे निबर धागे वाढत जातात आणि शेवटी ते आक्रसून कडक होते. कर्करोगही होऊ शकतो. २००९ साली गुजरातेत मोडासा आणि आसपास ‘बी’ची जी प्राणघातक साथ आली, तिच्यामागे पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया होत्या. इंजेक्शन घेताना सुई नव्या पाकिटातून काढलेली आहे का, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. न्हाव्याकडे नवे पाते, जत्रेत गोंदवून न घेणे, हेही त्यातच आले. ‘बी’चा शोध लावणाऱ्या बारूक ब्लुम्बर्ग यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ‘बी’वर उत्तम लस आहे, सरकारी लसीकरणात ती बाळाला जन्मल्याबरोबर चोवीस तासांच्या आत देतात. ‘सी’वर लस नाही, पण आता साधारण तीन महिने गोळ्या घेऊन तो बहुतेकांत पूर्ण बरा होतो.

विषाणूंखेरीजही यकृताला शत्रू आहेत. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत मक्यावर जगणाऱ्या आदिवासी गावांत लोकांना कावीळ होऊन पोटात पाणी साचू लागले. ३९७ लोक आजारी पडले, १०६ दगावले. विलक्षण गोष्ट अशी की, त्याच घरांतली कुत्रीही मरत होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने माग काढला. अवेळी पाऊस पडून मका भिजला होता, तसाच साठवला होता आणि त्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची हिरवट बुरशी आली होती. तिचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. इंग्लंडात १९६० साली बुरशीच्या शेंगदाणा पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा ते प्रथम उजेडात आले होते. हे विष भाकरी भाजून वा भाजी शिजवून नाहीसे होत नाही. धान्य आणि शेंगा खडखडीत वाळवून, जमिनीपासून वर, ओल लागणार नाही अशा जागी ठेवणे हाच उपाय. दाणे खाताना एखादा कडू, काळपट, बुरसट लागला तर तो गिळू नका, थुंका. बुरशीचे धान्य गुरांना घालणे हीही काटकसर नव्हे. ते विष दुधात उतरते.

दारूने यकृत आधी चरबीने भरते, मग सुजते, मग निबर होते, हे तुम्ही ऐकले असेल. दारूचा थेंब न घेणाऱ्यांतही आता यकृतात चरबी साठलेली आढळते, आणि तीही मुलांत: गोड पेये, तळलेल्या पुड्या आणि मैदान सुटणे, यांचा तो परिणाम. तापावरची पॅरासिटामॉलची गोळी योग्य मात्रेत निर्धोक असते, पण लवकर बरे व्हावे म्हणून एकदम पुष्कळ घेतली तर तीच यकृताला मारते. नाव-गाव नसलेल्या पुडीतल्या औषधांचेही तसेच. झाडपाल्याचे आहे म्हणून ते सौम्य असेलच असे नाही. आधीच सुजलेल्या यकृतावर काविळीचे औषध म्हणून अशी पुडी घालणे म्हणजे पाय मुरगळलेल्या बैलाच्या गाडीत आणखी पोती चढवणे होय.

तेव्हा घरात कोणाचे डोळे पिवळे दिसले, तर पहिल्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा दवाखान्यात न्यावे. रक्ताची साधी तपासणी करून कारण कळते. हळद, साधे तेल, भात-वरण, भाकरी, जे रुचेल ते रोग्याला द्यावे; उपाशी ठेवू नये. शौचाहून आल्यावर साबणाने हात धुण्याची शिस्त घरातल्या सर्वांनी पाळावी. रोगी वेळी-अवेळी झोपू लागला, असंबद्ध बोलू लागला, उलट्या थांबेनात, नाका-हिरड्यांतून रक्त येऊ लागले, किंवा रोगी गर्भवती स्त्री असेल, तर रात्र असली तरी सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयाची वाट धरावी. आणि एकाच गल्लीत दोन-तीन घरांत कावीळ निघाली, तर ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला त्याच दिवशी कळवावे. कुठला नळ, पाणी केव्हापासून गढूळ येते आणि पहिला रोगी कधी आजारी पडला, एवढे तीन तपशील कागदावर लिहून नेले की तपासायला येणाऱ्याचे निम्मे काम होते.